मदत हवी आहे: स्वाहिलीतल्या नामवर्गांच्या बदलाबद्दल

नमस्कार मंडळी,

बांटू भाषांतले (स्वाहिली ज्यात मोडते ते आफ्रिकी भाषाकुल) नामवर्ग, म्हणजे नामांचे व्याकरणातले गट, काळाच्या ओघात कसे बदलतात, हे समजून घ्यायचा प्रयत्न करतोय. स्वाहिलीत एका ठिकाणी अडलोय.

मूळ चौकट माहीत आहे. प्रत्येक नाम एखाद्या वर्गात मोडतं आणि त्या वर्गाचा उपसर्ग विशेषणावर, क्रियापदावर उमटतो. अरबीतून आलेला 'किताबु' हा शब्दही स्वाहिलीने 'कि-' वर्गात बसवला, अनेकवचन 'विताबु'! मला हे फारच सुंदर वाटतं.

पण सजीवांच्या बाबतीत ही चौकट मोडते. 'किबोको' म्हणजे पाणघोडा. रूप 'कि-' वर्गाचं, पण 'मोठा पाणघोडा पोहतोय' म्हणायचं तर 'किबोको म्कुब्वा अनाओगेलेआ'. विशेषण आणि क्रियापद दोन्ही माणसांच्या वर्गातली. काँगोतल्या किन्शासाच्या बोली लिंगाला या बांटू भाषेत तर क्रियापदापुरता मुख्य भेद सजीव-निर्जीव एवढाच उरलाय.

माझा प्रश्न 'राफिकी' (मित्र) या शब्दाचा. 'माझा मित्र येतोय' म्हणजे 'राफिकी यांगु अनाकुजा'. क्रियापदाने माणसांचा वर्ग घेतला, पण 'यांगु' (माझा) जुन्याच नवव्या वर्गात (या वर्गांना क्रमांक दिलेले असतात). 'मामा यांगु' (माझी आई) तसंच. मग 'किबोको'ला मात्र 'वांगु' (माणसांच्या वर्गातलं 'माझा') का? नात्यांच्या शब्दांतच षष्ठी मागे का राहिली? सतत एकत्र वापरल्याने ही जोडी घट्ट झाली असावी, असा माझा कयास आहे.

शेजारच्या बांटू भाषांतही असं होतं का? कुणी पूर्व आफ्रिकेत राहिलं असेल किंवा यावर अभ्यास केला असेल, तर बोलीतली उदाहरणं नक्की द्या. ऐकलेलं एखादं वाक्यही चालेल.