बी.ए. जर्मन झालंय, मुक्काम सोलापूर. पुढे काय करू?

पूर्वभागातली

नमस्कार मंडळी. दोन महिने झाले, इथले जुने धागे वाचतेय. पण विचारणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे, म्हणून हा वेगळा धागा. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

मी सोलापूरची, वय २३. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी, शेजारच्या काकूंशी मोडकंतोडकं कन्नड. आजोबा मागावर होते, बाबा टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. दहावीनंतर मावशीकडे पुण्याला गेले. अकरावीला जर्मन घेतलं, कारण मार्क पडतात असं मावसभाऊ म्हणाला. मग भाषेचीच गोडी लागली आणि बी.ए. पण जर्मनमध्येच केलं. दुय्यम वाक्यात क्रियापद थेट शेवटी जातं हे कळल्यावर मला हायसं वाटलं होतं. तेलुगू काय, मराठी काय, दोन्हींत ते शेवटीच असतं की!

माक्स म्युलर भवनात, म्हणजे ग्योटे इन्स्टिट्यूटमध्ये, बी२ ची (ए१ ते सी२ या सहा पातळ्यांतली चौथी) परीक्षा दिली. वाचन, श्रवण, लेखन निघालं. बोलण्यात ५४ आले, लागतात ६०. त्याच सुमारास आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी सोलापूरला परत आले, त्याला आठ महिने झाले. आई आता बरी आहे, पण माझं जर्मन बसलंय. बोलायला माणूसच नाही. आरशासमोर उभी राहून बोलते, तर आजी आईला म्हणाली, पोरीला कुणाची तरी नजर लागलीय.

डोक्यात बरंच काही आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटला एम.ए. करून नेट द्यायची, पण नेट होऊन जागा कुठे निघतात हे कुणी सांगत नाही. बी.एड. करून शाळेत जावं तर आमच्या भागात जर्मन शिकवणाऱ्या शाळा किती? पुण्यातल्या मैत्रिणी कंपन्यांत 'जर्मन प्रोसेस'ला लागल्यात. त्यातली एक खूश आहे, दुसरी म्हणते दिवसभर बिलं तपासते, ग्योटे-शिलरचं साहित्य विसरले. घरबसल्या भाषांतराचंही करून बघितलं. एका एजन्सीने 'टेस्ट' म्हणून १,८०० शब्दांचं मशीनचं मॅन्युअल करून घेतलं. तीन रात्री जागले. त्यानंतर ना हो, ना नाही.

आणि जर्मनीला जायचंच म्हणाल तर लग्नकार्यात भेटणारा प्रत्येक जण तेच विचारतो, "मग कधी चाललीस?" जसं काही जर्मन शिकलं की तिकीट घरी येतं.

मला नेमकं हे हवंय: सोलापुरात राहून या पदवीवर काही उभं राहतं का? पुण्याला जायचं तर कुठल्या दाराने आत शिरावं? आणि एआय आल्यावर भाषांतराचं काम उरलंय का, की उगाच त्याच्या मागे धावतेय?

कडक भाकरी

ताई, खरं सांगू का, राग मानू नका. काय स्कोप नाही त्यात. बँकेच्या परीक्षा द्या. सोलापुरात जर्मन बोलून शेंगाचटणी विकणार का?

चाकण लाईन

मी बार्शीचा, पुण्यात सात वर्षं झाली, त्यातली पहिली तीन जर्मन प्रोसेसमध्येच काढली. तुमच्या दोन्ही मैत्रिणी खरं बोलतायत, कारण एकाच पाटीखाली कामं फार वेगवेगळी असतात. कुठे पुरवठादारांची बिलं, कुठे ग्राहकांच्या तक्रारी, कुठे आयटी हेल्पडेस्क. जाहिरातीत 'लँग्वेज स्पेशालिस्ट' असं भारदस्त लिहिलेलं असतं. मुलाखतीत विचारून घ्या, दिवसभर ईमेल की फोन? फोनचं काम जास्त थकवतं, पण वर्षभरात जीभ अशी सुटते की कुठला क्लास तेवढं देणार नाही. त्यांची वेळ उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे आणि हिवाळ्यात साडेचार, त्यामुळे शिफ्ट बहुतेक दुपारची मिळते. रात्रपाळी नाही, हे घरच्यांना आधी सांगा.

आता त्या ५४ बद्दल. ग्योटेच्या बी२ मध्ये चारही भाग सुटे देता येतात. फक्त बोलण्याचा भाग पुन्हा द्या, सगळी परीक्षा नको. कंपन्या पूर्ण बी२ बघतात आणि पहिली फेरी फोनवरच्या गप्पांची असते. म्हणजे तुमचं जे कच्चं आहे नेमकं तेच ते तपासणार. आरसा सोडा. ऑनलाइन टँडम पार्टनर शोधा. हिंदी किंवा तेलुगू शिकू पाहणारे जर्मन लोक असतात. अर्धा तास त्यांची भाषा, अर्धा तास तुमची, पैशाचा व्यवहार नाही.

एक सावधगिरी. त्या खुर्चीत दोन वर्षांच्या वर नुसत्या भाषेवर बसू नका. मी अकाउंट्सच्या टीममध्ये होतो, तिथेच एसएपी हे कंपन्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकून घेतलं. आज माझं पद जर्मनचं नाही, फायनान्सचं आहे. जर्मन येतं म्हणून फ्रँकफुर्टच्या मीटिंगला मला बसवतात एवढंच. माझ्या बरोबर लागलेले जे 'फक्त जर्मन' राहिले, ते अजून तीच बिलं बघतायत.

जपानीवाल्यांचं थोडं वेगळं असतं. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची एन२ पातळी पास झालेल्याला दुभाषाचं काम थेट शॉपफ्लोअरवर मिळू शकतं, कारण जपानी इंजिनिअर पुष्कळदा इंग्रजीला बिचकतात. जर्मन माणूस इंग्रजी बोलतो. त्यामुळे नुसत्या दुभाषाची जागा जर्मनला कमी, हे धरून चला.

शब्दमोजणी

चौदा वर्षं जर्मन-इंग्रजी भाषांतर करतेय, म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे लागू.

आधी ती टेस्ट. टेस्ट अडीचशे-तीनशे शब्दांची असते. १,८०० शब्द म्हणजे फुकटात करून घेतलेलं काम. पुढे कुणी मागितलं तर "पहिले तीनशे शब्द देते, बाकीचे दराने" असं लिहून पाठवायचं. जो खरा आहे तो मान्य करतो.

एआयने काम संपवलं नाही, कामाचं रूप बदललं. पूर्वी कोरा कागद यायचा. आता बहुतेक वेळा मशीनने केलेलं भाषांतर येतं आणि ते तपासून द्यायचं असतं. याला पोस्ट-एडिटिंग म्हणतात, दर कमी. मशीनचं वाक्य गुळगुळीत असतं, चूक त्याच्या पोटात असते. मागे एका औषधाच्या पत्रकात 'नाही' गळाला होता. वाक्य इतकं सुंदर होतं की दुसऱ्यांदा वाचेपर्यंत माझ्याही लक्षात आलं नाही. अशा ठिकाणी जबाबदारीने सही करणारं माणूस लागतं. म्हणून औषधं, पेटंट, कायदा, यंत्रं यातला एक विषय धर. सर्वसाधारण मजकुरावर नव्याने पोट भरेल असं मी आज कुणालाच सांगणार नाही. ट्राडोससारखं एक कॅट टूल, म्हणजे भाषांतराला मदत करणारं सॉफ्टवेअर, शिकून घे. आणि भाषांतर आपल्या मुरलेल्या भाषेत करायचं, म्हणजे जर्मनमधून इंग्रजीत, उलट दिशेने नाही. उलट दिशेला तिथलीच माणसं बसलेली आहेत.

साहित्याचं भाषांतर जरूर कर, मीही करते. घरभाडं मात्र त्यातून निघत नाही.

टॉवेलवाले काका

कडक भाकरीसाहेब, शेंगाचटणी जर्मनीत विकायचीच झाली तर लेबल जर्मनमध्ये लागतं. शेंगदाणा तिकडे अ‍ॅलर्जीच्या यादीत आहे, घटकांमध्ये तो ठळक अक्षरात छापावा लागतो. तेव्हा हसू नका.

पोरी, तू पूर्व भागातली आणि घरात टॉवेलचं काम, मग मी लिहिलंच पाहिजे. आमचा छोटा निर्यातीचा धंदा आहे, टेरी टॉवेल आणि बाथरोब. युरोपात कापड विकताना त्यात काय किती टक्के आहे ते ज्या देशात विकतो तिथल्या भाषेत लिहावं लागतं, २०११ चा नियम आहे. आमची जर्मन लेबलं आजवर खरेदीदाराने पाठवलेल्या फाईलमधून जशीच्या तशी उचललेली. काय लिहिलंय ते आमच्या कारखान्यात कुणालाच वाचता येत नाही. खरेदीदार इंग्रजीत गोड बोलतो, पण माल नापसंत झाला की लॅबचा रिपोर्ट जर्मनमध्ये येतो. रंग सुटला, आकसलं, वजन कमी भरलं, सगळं त्यात असतं. आणि २०२३ पासून त्यांचा पुरवठा साखळीचा कायदा आलाय. त्यांच्या मोठ्या कंपन्या आम्हाला लांबलचक प्रश्नावल्या धाडतात, कामगारांचे तास, पगार, सांडपाणी, सगळं विचारतात. दर जानेवारीत फ्रँकफुर्टला हाइमटेक्स्टिल भरतं. तिथे स्टॉलवर उभं राहून दोन वाक्यं जर्मन बोलणारं आपलं माणूस असलं तर फरक पडतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. शेजारच्या स्टॉलवाल्यांकडे होतं.

पण खरं तेच सांगतो. नुसत्या जर्मनवर मी कुणाला महिन्याचा पगार देऊ शकत नाही, तेवढं काम नसतं. मर्चंडायझर मात्र मला कायम लागतो. जीएसएम (कापडाचं चौरस मीटरमागे वजन) कळणारा, सॅम्पल वेळेत काढून घेणारा, शिपिंगचे कागद बघणारा. त्यालाच जर्मन आलं तर सोन्याहून पिवळं. कापडाचं अर्धं शिक्षण तुझ्या घरात जेवायला बसतं, बाबांकडून घे.

आपल्या डॉ. कोटणीसांचंच बघ. १९३८ ला चीनला गेले ते डॉक्टर म्हणून. चिनी तिकडे गेल्यावर शिकले आणि त्यांच्यात मिसळून गेले. त्यांना कुणी चिनीत स्कोप आहे का विचारलं नव्हतं!

उपळाई बुद्रुक

काकांशी सहमत, पण शिकवण्याचं दार इतक्यात बंद करू नका. शाळा कमी आहेत हे बरोबर, नव्या शैक्षणिक धोरणात तीनपैकी दोन भाषा भारतीय हव्यात, त्यामुळे परकीय भाषेला जागा आणखी आकसली. मात्र नर्सिंग आणि आयटीआयच्या मुलांना जर्मन हवंय. २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून गावोगावी चौकशी वाढलीय. नर्सला तिकडे साधारण बी२ पर्यंत जावं लागतं, म्हणजे एकेका मुलीमागे वर्षभराहून जास्त शिकवणं आलं. मी स्वतः ए१ चे दोन वर्ग घेते. मुली हुशार आहेत, फक्त डेर-डी-दास या नामांच्या लिंगांपाशी रडतात. तुम्ही सी१ केलंत तर वरचे वर्गही घेता येतील.

वर्ग घ्यायचे तर स्वतः घ्या किंवा कॉलेजमध्ये जा. "जर्मनीत नोकरी पक्की" म्हणून लाखांत पैसे घेणाऱ्या एजंटांच्या पत्रकावर स्वतःचं नाव येऊ देऊ नका. मी एकदा येऊ दिलं. पुढे वर्षभर पालकांचे फोन मलाच येत होते.

चाकण लाईन

जायचंच असेल तर तेही लिहून ठेवतो, ताईंनी विचारलं नसलं तरी. ओ-पेअरला, म्हणजे तिकडच्या कुटुंबात राहून मुलं सांभाळायला, ए१ पुरतं, पण अर्ज करताना वय २७ च्या आत हवं. एम.ए. तिकडे करायचं तर बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सहामाहीला १,५०० युरो घेतं. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी दाखवावी लागते, २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो आहे. 'फुकट शिक्षण' म्हणणारे नातेवाईक हा आकडा सांगत नाहीत.

पूर्वभागातली

सगळ्यांचे मनापासून आभार. कडक भाकरी, तुमचेसुद्धा, चटणीवरून एवढं निघालं.

एम.ए. या वर्षी नको असं ठरवलंय. बोलण्याच्या भागाची पुढची तारीख बघितली, त्या दिवशी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाईन. टँडमसाठी हाम्बुर्गच्या एक निवृत्त बाई मिळाल्या. त्यांना तेलुगू शिकायचंय, कारण सून विजयवाड्याची आहे. पहिल्या दिवशी दोघींनी मिळून सुनेचीच चर्चा केली, जर्मनमध्ये.

काकांचा प्रतिसाद रात्री बाबांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीतून कारखान्यातल्या लेबलचा एक नमुना काढून माझ्यापुढे ठेवला, म्हणाले वाच. शंभर टक्के कापूस, साठ अंशांवर धुवा, ड्रायर चालेल. सगळं ठीक होतं, फक्त कापसाच्या जर्मन शब्दात दोन 'एल' लागतात, तिथे एकच होता. बाबांनी चष्मा लावून ते अक्षर बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "हे छापून झालेलं आहे. आता शेठना कसं सांगायचं?"

काका, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक तर हेच, कसं सांगायचं? आणि मर्चंडायझिंग शिकायला तुमच्यासारख्यांकडे कुणी सहा महिने बसू देतं का? पगार नसला तरी चालेल, पण टेस्ट १,८०० शब्दांची नको.