८ बाय १० च्या खोलीत मेटल वर्कशॉप करतोय, आधी लेथ घेऊ की नको?

दीडसूत:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज धीर करून विचारतोय. घरामागची ८ बाय १० फुटांची खोली एकदाची रिकामी झालीय, खाली कोबा, एक खिडकी, एक दार, एक बल्ब आणि एकच सॉकेट. लाकडाचं काम हौशीने बरंच केलंय पण लोखंडाला हात लावला म्हणजे पत्र्याला दोन भोकं पाडली आणि ती पण वाकडी. सुरुवातीला ब्रॅकेट, स्टँड, कडी-कोयंडे असलं काहीतरी करायचंय, आणि डोक्यात बसलेलं खूळ म्हणाल तर पंजाएवढं, खरोखर चालणारं वाफेचं इंजिन.

तर ओळखीतल्या एकांकडे वापरलेला छोटा बेंच लेथ (लोखंड फिरवत ठेवून कापायचं मशीन) विकायला आहे. तो घेतला तर बजेट जवळजवळ संपलंच, नाही घेतला तर बाकीचं सगळं येईल पण लेथ परत कधी हाती लागेल देव जाणे. विकणारे म्हणतात अजून दोघं बघून गेलेत (हे सगळेच विकणारे म्हणतात म्हणा). काय करू? आणि वेल्डिंग, ग्राइंडिंग सगळं याच खोलीत चालेल का? घरच्यांची अट एकच, धूर आणि ठणठणाट घरात यायला नको.

जुना_फिटर:
नाव झकास घेतलंय. सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) हिशोब कळतो म्हणजे माणूस अगदीच कोरा नाही.

लेथ राहू दे. तू लाकडातून येतोयस म्हणून एक गोष्ट आधी डोक्यात घाल, लोखंडाच्या कामात निम्मं काम धरण्याचं असतं आणि निम्मं कापण्याचं. लाकूड गुडघ्याने दाबून कापता येतं, लोखंड तुला दाबून घेतं. म्हणून पहिला खर्च टेबल आणि बेंच वाइस (माल आवळून धरायचा शिकंजा). टेबल असं हवं की वाइसमधल्या पट्टीवर सगळ्या अंगाचा जोर लावला तरी ते जागचं हललं नाही पाहिजे, जमलं तर भिंतीलाच बोल्ट मार. वाइस टेबलाच्या मधोमध नको, पायाच्या बरोबर वर घे, नाहीतर प्रत्येक घावाला फळी उडते आणि घाव वाया जातो. लाकडी स्क्रूवर बसवू नको, आरपार बोल्ट, खालून मोठे वॉशर. आणि वाइसचा जो जबडा हलत नाही ना, तो टेबलाच्या कडेपेक्षा किंचित बाहेर आला पाहिजे. हे नव्वद टक्के लोक चुकतात. मग लांब पट्टी उभी धरायची वेळ आली की ती टेबलाच्या कडेला अडते आणि हे बसतात डोकं खाजवत.

उंची कशी बघायची तर वाइसशेजारी ताठ उभा राहा, मूठ हनुवटीखाली धर, कोपर जबड्याच्या वरच्या कडेला टेकलं पाहिजे. खाली राहिला तर तासाभराने कंबर सांगेल, वर गेला तर कानस सपाट चालणारच नाही.

हॅकसॉचं ब्लेड दात पुढे करून लावायचं. जाड मालाला इंचाला १८ दातांचं, नेहमीच्या कामाला २४, पत्र्याला आणि पातळ पाइपला ३२. कापताना कमीत कमी तीन दात एका वेळी मालावर असले पाहिजेत, नाहीतर दात अडकून तुटतात आणि मग सगळे ब्लेड बनवणाऱ्याला शिव्या देतात.

कानस मूठ बसवल्याशिवाय हातात धरू नको, मागचं टोक तळहातात घुसतं. पुढे जाताना कापते, मागे आणताना दाब सोडायचा. मागे घासत आणलीस तर चांगली कानस आठवड्यात मेलीच समज. नवी कानस आधी पितळेवर वापर, धार जरा उतरली की लोखंडावर आण, कारण बोथट झालेली कानस पितळेवर नुसती घसरते. आणि अधूनमधून दातांवर खडू घास, मग कीस दातात अडकून मालावर ओरखडे पडत नाहीत.

आम्ही शिकाऊ असताना पहिले काही आठवडे मशीनला हातच लावू दिला नव्हता. एमएसचा, म्हणजे साध्या लोखंडाचा, एक ठोकळा दिला, म्हणाले सहाही बाजू कानसने काटकोनात आण. गुण्या लावायचा, उजेडासमोर धरायचा, फटीतून केसाएवढा उजेड दिसला की परत वाइसमध्ये. एक बाजू सरळ केली की दुसरी बिघडायची. ठोकळा सुपारीएवढा होत आला तेव्हा कुठे जमलं. तेव्हा राग यायचा, पण हाताला "सपाट" म्हणजे काय ते तिथेच कळलं.

ठिणगी:
काकांशी सहमत, पण ते ड्रिल मशीन विसरले. दीडसूत दादा, तुमची दोन भोकं वाकडी गेली त्यात तुमचा दोष नाही, हातातल्या ड्रिलने सरळ भोक पाडणं अवघडच. टेबलावर बसवायचं उभं ड्रिल मशीन वाइसनंतर लगेच घ्या, लेथच्या आधी. मी तर म्हणेन सुरुवातीची दोन वर्षं सगळ्यात जास्त तेच वापराल.

सेंटर पंच (भोकाच्या जागी खळगा ठोकायचं टोकदार हत्यार) मारल्याशिवाय ड्रिल टेकवायचं नाही. स्पीडचा सोपा हिशोब म्हणजे साध्या लोखंडाला आणि एचएसएस (हायस्पीड स्टील) ड्रिलला ८००० भागिले ड्रिलचा व्यास मिलिमीटरमध्ये, येईल तो आकडा आरपीएम. १० मिमीला ८००, ४ मिमीला २०००. बहुतेक जण मोठं ड्रिल वेगात चालवून निळं करून टाकतात आणि मग ड्रिल खराब निघालं म्हणतात. आटे पाडायचे असतील तर एम ६ ला (६ मिमीच्या बोल्टला) ५ मिमीचं भोक, एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५, हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, दर वेळी शोधत बसायला नको.

आता माझी शहाणपणाची गोष्ट. पातळ पत्रा होता, एकच भोक पाडायचं होतं, म्हटलं कोण क्लॅम्प शोधत बसणार, धरला डाव्या हाताने. ड्रिल आरपार जाताना पत्र्यात अडकलं आणि पत्रा पंख्यासारखा फिरला. चार टाके, आणि त्या बोटाचं टोक अजून बधिर आहे. नशीब हातमोजे नव्हते, असते तर हात सगळाच आत गेला असता. फिरणाऱ्या मशीनवर हातमोजे नाही, लांब बाही नाही, गळ्यात काही नाही, केस बांधलेले. पत्रा असेल तर खाली लाकडाचा तुकडा आणि वरून दोन क्लॅम्प, भोक एकच असलं तरी.

वेल्डिंग त्या खोलीत करू नका. ८ बाय १० मध्ये धूर जाणार कुठे? आणि ग्राइंडरची जी काळी धूळ उडते ती म्हणजे लोखंड आणि घासणारी पावडर, ती लेथच्या बेडवर (ज्यावर त्याचे भाग सरकतात तो पाया) तेलात बसली की लेथ स्वतःलाच पॉलिश करत बसतो. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन हातात उचलता येतं, ते आणि ग्राइंडर चाकाच्या ट्रॉलीवर ठेवा, दार उघडा, बाहेर जा. २.५ मिमीच्या रॉडला ७० ते ९० अँपिअर पुरतात, नवशिक्याला ६०१३ चा रॉड सगळ्यात सोपा, पटकन पेटतो. जस्ताचा मुलामा असलेला पाइप वेल्ड करायचा झाला तर आधी मुलामा घासून काढा, तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. झाकणबंद डबा किंवा पिंप, आत कधीकाळी काय होतं ते माहीत नसेल तर हात पण लावू नका. आणि "एकच टाका आहे" म्हणून डोळे मिटून वेल्डिंग करणारे पाहिलेत मी, रात्री दोन वाजता डोळ्यात वाळू टाकल्यासारखं होतं तेव्हा आठवतं.

ग्राइंडरचं गार्ड काढायचं नाही. मोठी डिस्क बसावी म्हणून काढतात लोक, छोट्या ग्राइंडरचा वेग ११००० आरपीएमच्या आसपास असतो आणि मोठी डिस्क तेवढ्या वेगासाठी बनवलेलीच नसते. ती फुटते तेव्हा बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. काम झाल्यावर अर्धा तास तिथेच रेंगाळा, ठिणगी कुठल्या चिंधीत जाऊन बसली असेल ते लगेच दिसत नाही (माझं नाव उगाच नाही पडलं).

चकची_चावी:
मी उलटा माणूस. लेथ आधी घेतला, टेबल नंतर, आणि पश्चात्ताप म्हणाल तर झालेला नाही, कारण लेथ नसता तर माझा उत्साहच टिकला नसता. कानस घासत सुपारी करण्याइतका धीर काकांकडे असेल, सगळ्यांकडे नसतो. इंजिन करायचंय ना तुला? मग सिलिंडर, पिस्टन, फ्लायव्हील, लेथशिवाय कसं करणार?

पण दोन गोष्टी मला कोणी सांगितल्या नव्हत्या. एक म्हणजे लेथची किंमत ही लेथची किंमत नसते, त्यावर चार जबड्यांचा चक (फिरणारा माल धरणारा पंजा), टेलस्टॉकचा (चकसमोरच्या टोकाच्या भागाचा) ड्रिल चक, रिव्हॉल्व्हिंग सेंटर, टूल बिट, व्हर्निअर, मायक्रोमीटर, डायल गेज, टूलला धार लावायला बेंच ग्राइंडर, हे सगळं धरलं तर जवळजवळ अजून एक लेथ होतो. मी सहा महिने नुसता लेथ पुसत बसलो होतो कारण टूल घ्यायला पैसे नव्हते. म्हणून विकणारे काय काय सोबत देतायत ते विचार, चेंज गिअरचा (आट्यांचं माप बदलायला लावायची दातेरी चाकं) पूर्ण सेट आहे का ते मोजून बघ, तो हरवला असेल तर आटे पाडायचं विसर.

दुसरी गोष्ट, बघायला जाशील तेव्हा रंगाला भुलू नको. सॅडल (बेडवर सरकणारा, टूल वाहून नेणारा भाग) चकजवळ आण, तिथे सॅडलचे स्क्रू इतके आवळ की ती जेमतेम सरकेल, मग टेलस्टॉककडे फिरवत ने. मध्येच जाम झाली तर बेड चकजवळ झिजलाय, कारण सगळं काम तिथेच होतं. थोडी झीज चालते, पण जागची हललीच नाही तर नमस्कार करून घरी ये. मग चकमध्ये जाडसर बार धर आणि वर-खाली हलव, खट खट जाणवलं तर बेअरिंग गेलंय किंवा सैल आहे. क्रॉस स्लाइडचं (टूल आडवं पुढे-मागे नेणारा भाग) हँडल उलट फिरवून बघ किती मोकळं फिरतं, पाव फेरा असेल तर नट झिजलाय, पण तो बदलता येतो, भाव करायला कामाला येतो. आणि मोटर सिंगल फेज, म्हणजे घरच्या विजेवर चालणारी, आहे का ते बघ, ही चूक करणारे पण भेटलेत.

बाकी माझं नाव का पडलं ते सांगतो. पहिल्याच आठवड्यात चकमध्ये चावी तशीच ठेवून स्विच दाबला. चावी समोरच्या भिंतीत गेली, प्लॅस्टरमध्ये खड्डा आहे अजून, बुजवला नाही मुद्दाम. तेव्हापासून चावी चकमधून काढल्याशिवाय हात सोडत नाही.

ठिणगी:
@चकची_चावी खड्ड्याचा फोटो टाका!! आणि हो, एक राहिलंच, लाइट. एक बल्ब नि एक सॉकेट यावर हे सगळं चालवू नका दादा. इलेक्ट्रिशियनकडून मेन बोर्डापासून वेगळी लाइन ओढून घ्या, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच). मशीनला असा स्विच हवा की वीज गेली आणि परत आली तर मशीन आपणहून सुरू होणार नाही. आणि लेथवर एकच साधी ट्यूब नको, तिच्या लुकलुकण्यात फिरणारा चक कधीकधी थांबल्यासारखा दिसतो. हात घालाल एखाद दिवशी.

दीडसूत:
बापरे, एवढं सगळं! आधी तर घाबरलोच, मग परत वाचलं.

काल लेथ बघून आलो. चावीभाऊंनी सांगितलं तसं सॅडल आवळून फिरवली, निम्म्यावर जी बसली ती बसलीच. वर चेंज गिअर चारच, बाकीचे "कुठेतरी असतील". विकणाऱ्यांचा चेहरा जरा पडला, म्हणाले तुम्ही फिटर आहात का 😀 मी पण काही खुलासा केला नाही.

तर लेथ नाही. वाइस ५ इंची ठरवलाय, टेबलाला अँगलचे पाय आणि वर जाड फळी, वाइसखाली पोलादी प्लेट. अडचण एकच, भिंतीकडे खिडकी असल्यामुळे वाइस कोपऱ्यात जातोय, उजवीकडे भिंत जेमतेम दोन फुटांवर. चालेल का?

जुना_फिटर:
नाही चालणार. हॅकसॉ मागे ओढताना कोपर भिंतीला लागेल आणि चार फुटी पट्टी आडवी धरलीस तर कापणार कुठून? खिडकीसमोर मध्ये नको, पण दाराच्या बाजूच्या पायावर घे, मग लांब माल दारातून बाहेर काढता येईल. खिडकीचा उजेड डाव्या खांद्यावरून येईल असं बघ.

आणि बेंच ग्राइंडर घेशील तेव्हा चाक आणि टेकू यांच्यामध्ये एका सुतापेक्षा जास्त फट ठेवू नको, माल आत ओढला जातो. चाक झिजेल तसा टेकू पुढे घेत जायचं. त्यावर ॲल्युमिनियम घासायचं नाही, चाक बुजतं.

दीडसूत:
दाराकडून मोजलं, बसतंय. उद्या पायांचे अँगल कापायला घेतो, हॅकसॉनेच, १८ चं ब्लेड आणलंय.

जुना_फिटर:
अँगल किती जाडीचा? ३ मिमीचा असेल तर २४ चं आण.

दीडसूत:
३ चाच आहे. परत जातो दुकानात.