मदत हवी आहे: वारंवार निखळणारा खांदा, दुर्बिणीतून की छोट्या छेदातून? (ठाणे/नवी मुंबई)

नमस्कार मंडळी,
धाकट्या भावासाठी विचारते आहे. वय २०, राहायला कळव्याला. कबड्डीत डावा कोपरा खेळतो. दोन वर्षांपूर्वी पकड करताना चढाईपटूने हिसका दिला आणि डावा खांदा निखळला. मैदानावरच कुणीतरी ओढून बसवला, आठवडाभर हात गळ्यात आणि महिन्याभरात पठ्ठ्या परत मॅटवर. तेव्हा आम्ही कुणीच अडवलं नाही, याचं आज फार वाईट वाटतं. त्यानंतर पाच वेळा झालं. शेवटचं तर ट्रान्स हार्बरच्या गाडीत: वरची कडी धरून उभा होता, रबाळ्याला लोंढा आत आला आणि खांदा निघाला. आता झोपेतही हात उशाखाली घ्यायला घाबरतो.

सहा महिने फिजिओथेरपी नेमाने केली. ताकद आली, पण हात वर नेऊन बाहेर वळवला की अजून "ताई, जातोय" म्हणतो.

एमआरआयमध्ये पुढचा लेब्रम (खांद्याच्या खोबणीच्या कडेची कूर्चेची गादी) फाटलेला दिसतो. थ्रीडी सीटीत खोबणीची पुढची कड सुमारे १५ टक्के झिजलेली आणि दंडाच्या हाडाच्या गोळ्याला मागून खळगा (हिल-सॅक्स).

ठाण्यातले डॉक्टर म्हणतात दुर्बिणीतून करू. तीन छोटी भोकं, अँकर (हाडात रोवायच्या दोरा लावलेल्या बारीक खुंट्या) लावून लेब्रम परत कडेला शिवायचा आणि मागचा स्नायुबंध खळग्यात बसवून तो बुजवायचा. वाशीचे म्हणतात, पुढून पाचेक सेंटिमीटरचा छेद घेऊन लॅटार्जे करू. म्हणजे कोराकॉइड (खांद्याच्या पात्याचा पुढे आलेला भाग) या हाडाचा तुकडा त्याच्या स्नायुबंधासकट कापून झिजलेल्या कडेवर दोन स्क्रूंनी बसवायचा. ही पद्धत १९५४ पासूनची आहे.

घरी सगळ्यांचा कल दुर्बिणीकडे, कारण व्रण लहान. मला मात्र वाटतं की व्रणाचा प्रश्नच नाही. लॅटार्जेसुद्धा काही जण दुर्बिणीतून करतात, फक्त ते जास्त अवघड. खरा प्रश्न हाडाचा आहे. कडच झिजली असेल तर नुसती शिलाई पकडीतला झटका सोसेल का? तरुण वय, अंगाला अंग भिडणारा खेळ आणि हाडाची झीज, या तिन्ही गोष्टी असल्या की नुसत्या शिलाईनंतर खांदा पुन्हा निखळायचा धोका वाढतो, हे दोघांनीही मान्य केलं. उलट लॅटार्जेत जवळून नसा जातात, तुकडा नीट जुळला नाही किंवा स्क्रूंनी त्रास दिला तर पुन्हा ऑपरेशन, आणि ते पहिल्यापेक्षा किचकट. त्याचीच मला भीती वाटते.

ज्यांनी स्वतः यातलं काही करून घेतलंय, त्यांनी कृपया सांगा:

हात बाहेर वळवणं किती कमी झालं? खेळ पुन्हा सुरू करायला किती महिने लागले? आम्हाला दोघांनीही किमान सहा सांगितलेत. आणि इतक्या झिजेवर कुणी दुर्बिणीतून शिलाई आणि खळगा बुजवणं दोन्ही केलं असेल, तर दोन-तीन वर्षांनी खांदा कसा आहे?

ठाणे ते पनवेल पट्ट्यात खांद्याच्याच शस्त्रक्रिया नेहमी करणारे, दोन्ही पद्धती हातात असलेले सर्जन माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. एकच पद्धत करणाऱ्याचा सल्ला एकाच बाजूचा असणार, म्हणून तिसरं मत हवंय. भावाची विद्यापीठाची निवड चाचणी या वर्षी गेली तरी चालेल, असं तो स्वतःच म्हणाला. पुढच्या सोमवारी वाशीला तारीख ठरवायला बोलावलंय, त्याआधी उत्तरं मिळाली तर फार मदत होईल.