मदत हवी आहे: लेकीला उन्हाळ्यात शिकवायची फेलोशिप करायची आहे. 'अंडररिप्रेझेंटेड'मध्ये आम्ही बसतो का?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक रटगर्स-न्यूअर्कला गणित घेऊन तिसऱ्या वर्षाला आहे. येत्या उन्हाळ्यात तिला ब्रेकथ्रू कोलॅबोरेटिव्हची टीचिंग फेलोशिप करायची आहे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: 1978 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हायस्कुलात हे काम 'समरब्रिज' नावाने सुरू झालं, आता अमेरिकेत बऱ्याच शहरांत चालतं. कॉलेजची मुलं मिडल स्कूलच्या मुलांना उन्हाळाभर शिकवतात. नुसती मदतनीस म्हणून नाही, वर्ग त्यांचाच असतो. मागे अनुभवी शिक्षक बसून पाहतात, चुका सांगतात. स्टायपेंडही मिळतो.

आमच्याबद्दल थोडं सांगते, कारण प्रश्न त्यातूनच आलाय. माझ्या नणंदेने आमची फाइल घातली होती, बारा-तेरा वर्षांनी नंबर लागला आणि 2016 साली आम्ही वर्ध्याहून इकडे आलो. मी दहावी, हे आयटीआय. हे डिलिव्हरीची व्हॅन चालवतात, मी एका देशी दुकानाच्या किचनमध्ये पोळ्या-पराठे करते. लेक आली तेव्हा सहावीत बसली. गणित पक्कं होतं, पण प्रश्नच कळायचा नाही. एका उदाहरणात 'क्वार्टर' आलं. तिला क्वार्टर म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं एवढंच माहीत! शाळा सुटल्यावर कॉलेजची एक मुलगी शिकवायला यायची. तिने बाकावर चार नाणी मांडली, एक बाजूला सरकवलं आणि म्हणाली, हेसुद्धा क्वार्टर. लेक घरी पळत आली, "आई, क्वार्टर म्हणजे आपलं पाव गं! तीन राहिली तर पाऊण!" पाव, पाऊण, सव्वा तिला आजीने लहानपणीच पाठ करून घेतलं होतं. त्या दिवसापासून ती शिक्षक व्हायचं म्हणते.

आता अडचण. माहितीपत्रकात लिहिलंय की ज्यांचं प्रतिनिधित्व कमी आहे अशा घरांतल्या मुलांनी जरूर अर्ज करावा. माझे दीर म्हणतात, एशियन माणसाला यात कोण धरतं, इकडे सगळीकडे आपलेच इंजिनिअर आणि डॉक्टर. आणि निबंधात घरची परिस्थिती लिहिली तर ती चव्हाट्यावर मांडल्यासारखं होईल. लेक दोन दिवस गप्पच आहे. मला तिला काय सांगावं ते सुचत नाही.

दुसरं पैशाचं. मागच्या उन्हाळ्यात ती औषधांच्या दुकानात काउंटरला उभी राहिली, त्यातून पुस्तकं आणि बसचा पास निघाला. स्टायपेंडमध्ये ते भागेल का? कुठे कुठे अमेरिकॉर्प्सचे पैसेही मिळतात असं ऐकलंय, ते काय असतं? ती ईओएफमध्ये आहे (कमी उत्पन्नाच्या घरांतल्या कॉलेजच्या मुलांसाठी न्यू जर्सी राज्याची मदत), तिच्या मदतीवर काही परिणाम होईल का?

कुणाच्या मुलांनी केलं असेल तर कृपया सांगा.

—

प्रतिसाद १ (खडूफळा)

ताई, मी फिलाडेल्फियात सरकारी शाळेत शिकवते. दिरांना एवढंच विचारा, की कुठल्या खोलीत मोजताय? इंजिनिअरांच्या खोलीत आपण भरपूर आहोत. शिक्षकांच्या खोलीत बघा. 2020-21 च्या सरकारी आकड्यांत सरकारी शाळांतले साधारण 80 टक्के शिक्षक गोरे आहेत आणि एशियन फक्त 2 टक्के. मुलांत मात्र एशियन 5 टक्क्यांच्या आसपास आहेत. माझ्या शाळेत मी एकटीच.

शिवाय हा शब्द नुसत्या वंशाचा नाही. आईवडील कॉलेजला गेलेले नाहीत, उत्पन्न कमी, घरी इंग्रजी नाही, हे सगळं त्यात येतं. ईओएफमध्ये ती आहे म्हणजे निम्मं उत्तर तिथेच मिळालं. न्यूअर्क 1967 मध्ये वांशिक दंगलींत पेटलं, त्यानंतर 1968 साली राज्याने ती योजना काढली, तीच मुळी अशा मुलांसाठी. आपण कुणाची जागा घेतोय असं तिने अजिबात मनात आणू नये.

निबंधाचं म्हणाल तर परिस्थितीचं गाऱ्हाणं लिहू नका, पण लपवूही नका. तुम्ही वर जे चार नाण्यांचं लिहिलंय, तेच तिने लिहावं. माझ्या वर्गात सहावीची मुलं शब्दांत अडकतात आणि लोक म्हणतात त्यांचं गणित कच्चं आहे. तिला हे स्वतःच्या अनुभवाने कळलंय. असं मूल शिकवायला उभं राहिलं तर मला हवंच आहे.

—

प्रतिसाद २ (सव्वापाच)

माझ्या भाच्याने केलंय, दुसऱ्या शहरात. पैशाचं सांगतो. स्टायपेंड ठराविक रकमेचा असतो, तासावर नाही. पाठाची तयारी रात्री घरी करावी लागते, ते तास धरून भागाकार केला तर दुकानातली कमाई जास्त भरते. हे आधीच मान्य करून जा. राहायचा खर्च वाचेल असंच ठिकाण बघा. न्यूयॉर्कची शाखा तुम्हाला ट्रेनने झेपते का ते पाहा, भाडं भरून लांब जाऊ नका.

अमेरिकॉर्प्स म्हणजे केंद्र सरकारची समाजसेवेची योजना. तिचे पैसे सगळ्या शाखांत नसतात, विचारून घ्या. त्यासाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, तुमचं आहेच. भत्त्याखेरीज शेवटी एज्युकेशन अवॉर्ड मिळतो. तो हातात रोख येत नाही, फीमध्ये किंवा कर्जात वळता होतो आणि सात वर्षांत वापरावा लागतो. ज्या वर्षी वापराल त्या वर्षी त्यावर कर लागतो, आमचं हे राहून गेलं होतं. ईओएफच्या काउन्सेलरला अर्जाआधीच भेटा.

आणखी एक, अनकॉमन स्कूल्स ही शाळांची साखळीही तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी अशी समर फेलोशिप काढत आली आहे. तिच्या नॉर्थ स्टार शाळा न्यूअर्कमध्येच आहेत. यंदा आहे का ते पाहा.

—

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. खडूफळा ताई, तुमचा प्रतिसाद मी लेकीला वाचून दाखवला. 'कुठल्या खोलीत मोजताय' हे तिने दोनदा वाचायला लावलं. रात्री दिरांनाही फोनवर ऐकवलं, ते म्हणाले, बरं, भरू दे अर्ज. काउन्सेलरची गुरुवारची वेळ घेतली आहे.

अजून एक विचारते. शिफारसपत्र गणिताच्या प्राध्यापकांकडून घ्यावं की ती शनिवारी लायब्ररीत मुलांना शिकवते तिथल्या बाईंकडून? प्राध्यापकांच्या वर्गात दीडशे मुलं, ते तिला ओळखतही नसतील.

—

प्रतिसाद ३ (खडूफळा)

लायब्ररीच्या बाईंकडून. त्यांनी तिला मुलांसोबत पाहिलंय. लवकर विचारा, त्यांना निदान दोन आठवडे हाताशी द्या.