मारिओ सोनिकच्या जगात कसा?

प्रश्न (परभणी): भंगारातून आणलेले कार्ट्रिज जुन्या टीव्ही गेमला लावले, तर निन्टेंडो कंपनीचा मारिओ चक्क सेगा कंपनीच्या सोनिकच्या हिरव्या टेकड्यांवरून कड्या गोळा करत पळू लागला. हा खेळ अधिकृत आहे का?

उत्तर (लातूर): मुळीच नाही. हा बहुधा १९९४ साली तैवानमध्ये विनापरवाना तयार झालेला ‘सोमारी’ असावा. सेगाच्या १६ बिट मेगा ड्राइव्ह या गेम यंत्रावर १९९१ साली आलेल्या सोनिकचे टप्पे निन्टेंडोच्या ८ बिट फॅमिकॉम या यंत्रावर उतरवून नायक तेवढा मारिओ बसवला आहे, आणि कसब मान्य केले तरी उडी काही मनासारखी बसत नाही.

उत्तर (नांदेड): आपल्याकडचे टीव्ही गेम बहुतांशी फॅमिकॉमच्याच ६० पिनांच्या नकला होत्या. फॅमिकॉमच्याच अमेरिकेतील आवृत्तीत, म्हणजे एनईएसमध्ये, अनधिकृत कार्ट्रिज अडवणारी चिप होती. फॅमिकॉममध्ये ती नसल्यामुळे असा माल बिनदिक्कत चालत असे. कार्ट्रिज उघडल्यास नेहमीच्या चिपऐवजी तिला झाकणारा काळ्या इपॉक्सीचा (कडक होणाऱ्या गोंदाचा) थेंब दिसेल. तो खरवडू नका.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. सोबत ‘९९९९९९९ इन १’ही मिळाले आहे.

उत्तर (लातूर): त्यात मोजकेच खेळ असतात, बाकी तेच खेळ, वेगळ्या नावाने किंवा पुढच्या टप्प्यापासून.