व्हिक्टोरियाच्या मॅग्निफिकाटमध्ये निम्मी कडवी साधी का?

ऐकताना_अडलो:
हल्ली सोळाव्या शतकातला स्पॅनिश संगीतकार व्हिक्टोरिया याचं मॅग्निफिकाट हे चर्चमधलं स्तोत्र सारखं ऐकतोय. एक कडवं सगळे एकाच सुरावटीत म्हणतात, पुढचं चार आवाजांत, परत साधं. नोटेशन काढून बघितलं तर त्यात फक्त २, ४, ६ अशी सम कडवी. बाकीची हरवली की त्याने लिहिलीच नाहीत? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वसईचा_टेनर:
लिहिलीच नाहीत, गरजच नव्हती. मॅग्निफिकाट म्हणजे येशूची आई मारिया हिचं स्तोत्र, व्हेस्पर्स या संध्याकाळच्या प्रार्थनेत रोज म्हणायचं. शेवटच्या ग्लोरियासकट (देवाची स्तुती) १२ कडवी. उरलेल्या कडव्यांची ग्रेगोरियन चाल (चर्चची जुनी, एकाच सुरावटीतली; तिलाच चांट म्हणतात) गाणाऱ्यांना तोंडपाठ. रोममध्ये १५८१ साली छापलेल्या संग्रहात व्हिक्टोरियाने आठही टोनांत (स्तोत्रं म्हणायच्या ठरलेल्या चाली) दोन-दोन मॅग्निफिकाट दिली, एक विषम कडव्यांचं, एक सम.

पहिल्या टोनची चाल फा-सोल-ला (म-प-ध) अशी चढते, मग बहुतेक शब्द त्या ‘ला’ सुरावरच. मध्ये जरा विसावा, शेवटी उतार. पॉलिफनीची (अनेक आवाजांची) कडवीही याच चालीवर बेतलेली. म्हणून साध्या कडव्यात चांटवाले किंचित जरी उतरले, तरी पुढचं कडवं सगळ्यांनाच खाली धरावं लागतं आणि आमच्या गायकवृंदातल्या बासवाल्यांचा (सर्वांत खालचा आवाज) आवाजच फुटत नाही. तालमीत सर चार आवाजांपेक्षा चांटच जास्त घासून घेतात. बरोबरच आहे.

टाळकरी_पुणे:
म्हणजे दिंडीसारखंच की!

वसईचा_टेनर:
नाही हो. दिंडीत बुवांची ओळ टाळकरी परत घेतात. इथे ओळ परत येत नाही, एका बाजूने सोडली की दुसरीने पुढची धरायची.

ऑर्गनवेडा:
भर घालतो. स्पेनमध्ये काही कडवी गाण्याऐवजी ऑर्गनवर वाजवत. अंध वादक आंतोनिओ दे काबेथोन (१५१०–१५६६) यांच्या अशा छोट्या रचना मुलगा एर्नांदोने १५७८ साली छापल्या.

ऐकताना_अडलो:
धन्यवाद! पण माझ्याकडच्या दुसऱ्या एका रेकॉर्डिंगमध्ये साधी कडवी नाहीतच. चालतं का?

वसईचा_टेनर:
वेळ वाचवायला गाळतात. माझ्या मते तद्दन चूक. सातव्या कडव्यात देव बलाढ्यांना आसनांवरून खाली ओढतो, आठव्यात भुकेल्यांना तृप्त करतो. सातवं गाळलंत तर भुकेल्यांना जेवण मिळतं खरं, पण सत्ताधारी खुर्चीवरच!