मदत हवी आहे: कोहेरंट ऑप्टिकल रिसीव्हर तपासण्यासाठी दोन चॅनेलचा स्रोत पुरेल का?

नमस्कार,

रबाळे एमआयडीसीतील आमच्या छोट्या कंपनीत कोहेरंट ऑप्टिकल रिसीव्हरचे (फायबरमधून आलेल्या प्रकाशाची तीव्रता आणि फेज दोन्ही वाचणाऱ्या रिसीव्हरचे) बोर्ड तयार होतात आणि त्यांच्या चाचणीसाठी सिग्नल स्रोत निवडण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. गरज ३२ गिगाबॉडची (सेकंदाला ३२ अब्ज सिम्बॉलांची) आहे: प्रकाशाच्या दोन्ही ध्रुवीकरणांवर क्यूपीएसके (प्रत्येक सिम्बॉलात दोन बिट), म्हणजे सेकंदाला १२८ गिगाबिट, आणि जमल्यास १६-क्वाम (प्रत्येक सिम्बॉलात चार बिट), म्हणजे त्याच्या दुप्पट.

आजवर एक तयार कोहेरंट मॉड्यूल प्रेषक म्हणून जोडून काम भागवले जाते. त्याचा सिग्नल उत्तम असतो आणि अडचण नेमकी तीच आहे. रिसीव्हर किती बिघाड सहन करतो हे पाहायचे, तर सिग्नल ठरवून आणि मोजून बिघडवता आला पाहिजे. आय आणि क्यू (सिग्नलचे एकमेकांशी ९० अंशांवर असलेले दोन घटक) यांच्यातील स्क्यू (वेळेतील तफावत) दोन पिकोसेकंदांनी वाढवणे, त्यांच्यातील कोन ९० ऐवजी ८५ अंश करणे, अशा गोष्टी त्या मॉड्यूलचा डीएसपी (सिग्नलवर प्रक्रिया करणारी चिप) आम्हाला करू देत नाही.

सरळ मार्ग म्हणजे चार चॅनेलचा आर्बिट्ररी वेव्हफॉर्म जनरेटर (हव्या त्या आकाराचा विद्युत सिग्नल तयार करणारे उपकरण; उदाहरणार्थ कीसाइटचा एम८१९६ए, सेकंदाला ९२ गिगासॅम्पल, ८ बिट), चार ड्रायव्हर (तो सिग्नल वाढवणारे अॅम्प्लिफायर), दुहेरी ध्रुवीकरणाचा लिथियम नायोबेट मॉड्युलेटर (तो सिग्नल प्रकाशावर चढवणारा घटक) आणि अरुंद लाइनविड्थचा (जवळजवळ एकाच वारंवारतेचा) सी बँड (१५५० नॅनोमीटरच्या आसपासचा) लेझर. किंमत ऐकून व्यवस्थापन गप्प होते, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून दुसरा मार्ग विचारात आहे: दोनच चॅनेल घ्यायचे, एका ध्रुवीकरणाचा सिग्नल तयार करून तो दोन वाटांत विभागायचा, एका वाटेत जास्तीचे फायबर घालून उशीर द्यायचा आणि दोन्ही पुन्हा पोलरायझेशन बीम कंबाइनरने एकत्र आणायचे. एक मीटर फायबरमुळे सुमारे ४.९ नॅनोसेकंदांचा, म्हणजे दीडशेहून अधिक सिम्बॉलांचा फरक पडतो, आणि तो आमच्या इक्वलायझरच्या (रिसीव्हरमधील सिग्नल सुधारणाऱ्या फिल्टरच्या) लांबीपेक्षा बराच जास्त आहे. तरीही दोन्ही ध्रुवीकरणांवर मूळ डेटा एकच राहतो आणि एका ध्रुवीकरणाला वेगळा दोष देता येत नाही. रिसीव्हर पात्र ठरवण्यासाठी ग्राहक अशी चाचणी मान्य करतात का? माझ्या मते रोजच्या तपासणीला ती पुरेल, अंतिम अहवालाला नाही. पण हे काम प्रत्यक्ष केलेल्यांचे मत हवे आहे.

याला जोडून आणखी दोन शंका आहेत. क्यूपीएसकेला दोनच पातळ्या लागत असल्याने ड्रायव्हर थोडा संपृक्त झाला तरी चालून जाते, पण १६-क्वाममध्ये चार पातळ्यांतील अंतर समान ठेवावे लागते. त्यासाठी जनरेटरमध्येच प्रीडिस्टॉर्शन (ड्रायव्हरची विकृती भरून काढणारा उलटा बदल) दिले, तर ८ बिटांतून हाती उरणारे परिणामी बिट (गोंगाट वगळून प्रत्यक्ष मिळणारी अचूकता) पुरतात का?

दुसरी शंका स्क्यूची आहे. आय आणि क्यूच्या केबलींमध्ये एका मिलिमीटरचा फरक असला तरी सुमारे ५ पिकोसेकंदांची तफावत येते, तर एक सिम्बॉल ३१.२५ पिकोसेकंदांचा असतो. कनेक्टर टॉर्क रेंचने घट्ट करूनही केबल वाकवली की फेज थोडी सरकतेच. हा स्क्यू मॉड्युलेटरच्या आउटपुटवर मोजून जनरेटरमध्ये भरून काढावा, की केबली जुळवलेल्या जोडीनेच विकत घ्याव्यात?

ठाणे-बेलापूर पट्ट्यात किंवा पवईच्या बाजूला असा जनरेटर भाड्याने मिळत असल्यास, अथवा एखाद्या प्रयोगशाळेत काही तास वापरू देत असल्यास कृपया कळवावे. बोर्ड आणि मॉड्युलेटर घेऊन येण्याची आमची तयारी आहे.